जो सुई देईल त्याने

सलातिगा, ४ जून

म्बाक वेनिंग,

माझा नंबर तू फोनात बंद करून ठेवलायस, म्हणून हा कागद. पोस्टातली बाई म्हणाली, परदेशी, ताइचुंगला पोचायला दोन आठवडे, कधी तीन. मी म्हटलं चालेल, आम्हा बहीणभावांत तशीही घाई कुणाला नाही.

क्रोमोला मी दोन्ही वेळा सुई देतो. सकाळी सहा, संध्याकाळी सहा, आधी खाणं मग सुई. हे पहिल्यांदा लिहिलं कारण तुला तेवढंच वाचायचं असणार. पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल.

पुढचं असं. स्वयंपाकघराच्या दारावर तू जो तीन पानी कागद चिकटवून गेलीस, तो मी वाचला. त्यावर माझं नाव कुठेच नाही. नुसतं 'जो सुई देईल त्याने'. जो सुई देईल त्याने बाटली हलवू नये, दोन्ही तळहातांत हळू फिरवावी. जो सुई देईल त्याने मांजर जेवलं नसेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. जो सुई देईल त्याने, दिली की नाही अशी शंका आली तर देऊ नये. एक चुकली तर निभावते, दोनदा गेली तर निभावत नाही. मला बोलावलंस तेसुद्धा शेजारच्या बू गियार्तीच्या फोनवरून. आणि कागदावर मी कोण, तर 'जो'. असू दे. आईच्या वेळी मला रेंज नव्हती हे मी तुला चार वेळा सांगून झालंय, पाचव्यांदा सांगत नाही.

तू विमानात बसलीस त्यानंतर तीन दिवस क्रोमो दवाखान्यात होता. मी पोचलो तेव्हा डॉक्टर नस्तीतींनी माझ्याकडे, मग माझ्या चपलांकडे, मग परत माझ्याकडे पाहिलं. आधी संत्र्यावर टोचायला लावलं. अकरा संत्री. मग म्हणाल्या, "आता हे संत्रं चावतं, एवढं लक्षात ठेव." कानाच्या कडेला टोचून थेंब काढायचं, पट्टीवर लावायचं, आकडा बघायचा, हेही शिकलो. कान आधी हातानं गरम करायचा, नाहीतर थेंब येत नाही. मकासरला एक म्हातारा खलाशी होता, तो समुद्रात गळ टाकायच्या आधी असाच गळ मुठीत धरून गरम करायचा, का ते विचारलं तर म्हणायचा, माशाला गार लागू नये म्हणून. असो.

आपला फ्रीज बंद पडलाय. तुझ्यासारखाच, आवाज न करता. म्हणून इन्सुलिनची बाटली आणि सुयांचा डबा कुंपणापलीकडे बूच्या फ्रीजमध्ये, मिरच्या आणि नारळाच्या दुधाच्या मधे. दोन्ही वेळा जाऊन आणतो. मी म्हटलं, बू, तुम्ही अकरा वर्षं यजमानांना, पाक दार्सोनोंना, टोचलंत, तुमचा हात बसलेला आहे, तुम्हीच का देत नाही? ती शेंगदाणे कुटत होती. वर न बघता म्हणाली, "ज्या दिवशी ते गेले, त्या दिवशी शेवटची सुई केळीच्या बुडाशी पुरली, ले. आता या हातात सुई नाही." सव्वीस वर्षांच्या घोड्याला अजून 'ले' म्हणते, शेंबड्या पोराला म्हणावं तसं.

तेजो


१८ जून

म्बाक,

आज एक सरळ प्रश्न. तुझ्यासाठी हेरगिरी कोण करतं?

काल बूनं मला कुंपणाशी बोलावलं, चष्मा लावला आणि तुझा निरोप वाचून दाखवला. "क्रोमोची सुई वेळच्या वेळी चालू आहे हे ऐकून जीव भांड्यात पडला. त्याला सांगा." मला तुझी बोलायची रीत माहीत नाही असं समजू नकोस. शाळेत मी नापास झालो तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, तेजोचं अक्षर मात्र सुंदर आहे हं. तू टोमणा मारतेस तेव्हाच गोड बोलतेस. आणि हा टोमणा नेमका त्याच आठवड्यात का आला?

म्हणजे त्या आठवड्यात काही झालं असं नाही. एखाद दिवशी अर्धा तास इकडे तिकडे.

बू पण तसलीच. परवा संध्याकाळी मी जरा उशिरा आलो. पतंगाचे दिवस आहेत, मैदानावर गेदाँगानच्या पोरांनी सोंडेसकट हत्ती उडवला होता, चार जणांनी दोर धरलेला, तो सोडून कोण घरी येईल? तर बू अंगणात सुपात शेंगदाणे पाखडत बसलेली. म्हणते, "आज वारा छान होता ना, ले?" एवढंच. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "क्रोमो लवकर झोपला. पोट भरलं असेल." कशानं भरलं? कुणी भरलं? विचारणार होतो, पण ती तोवर आत गेली.

माझा अंदाज सांगतो. ती त्याला काहीतरी खाऊ घालते. दिवसभर तिच्या चुलीवर ताडगुळाचा पाक असतो, त्यात शेंगदाणे टाकून ती वड्या पाडते, सगळ्या घराला वास. मांजराला गोडाची चव कळत नाही म्हणतात, पण क्रोमो आईच्या हातचं काहीही खायचा. सुई घेऊन झाली की कुंपणाखालून थेट बूच्या ओट्यावर. मी नजर ठेवून आहे.

साखर बरी आहे. आज सकाळी सुईआधी २०४. डॉक्टरीणबाई म्हणाल्या छान, असंच चालू दे.

तेजो


१ जुलै

म्बाक,

आधी एक गोष्ट कबूल करतो, मग तुला पकडतो.

मी सहा सुया चुकवल्या. दोन पतंगामुळे. दोन बांबूच्या घोड्यांच्या नाचामुळे. ती मंडळी ट्रकमधून चालली होती, मी नुसता मागे चढलो आणि बरिंगिनपर्यंत गेलो, तिथे एकाच्या अंगात आलं तर त्यानं काचेचा बल्ब चावून खाल्ला, मग परतीचं वाहन नव्हतं. उरलेल्या दोन मी मुद्दाम चुकवल्या. का ते आता सांगतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सुई चुकली की दुसऱ्या सकाळी साखर चारशेच्या वर जाईल, पाणी पीत सुटेल, मुताला मुंग्या लागतील. तुलाही आधी मुंग्यांवरूनच कळलं होतं ना. तर पहिल्यांदा चुकलं, मी घाबरत सकाळी कान टोचला. १९८. दुसऱ्यांदा, २१०. मग मी मुद्दाम नाही गेलो सुई आणायला. २०१. वाळूच्या घमेल्यात एक मुंगी नाही.

मग हा आजारी कसा?

मला सगळं दिसलं, म्बाक. मला घरी आणायला तुम्ही यापूर्वीही असंच केलंय. 'आई आजारी, निघून ये', आलो तर ओटीवर मुलगी आणि मुलीचा मामा. 'आई पडली', आलो तर आई ठणठणीत, आणि फरशीच्या दुकानात माझी नोकरी ठरलेली. आता आई नाही, तर आईचं मांजर. दिवसातून दोनदा, बारा बारा तासांनी, म्हणजे माणूस फार तर बाजारापर्यंत जाऊ शकतो. दोर कसला मस्त वळलायस.

एवढ्यावर थांबलो असतो. पण काल बूकडचा सुयांचा डबा मोजला. तुझ्या कागदावर किती सुया ठेवल्या ते लिहिलंय, दिवस माहीत आहेत. एक सुई एकदाच वापरायची, म्हणजे हिशेब सोपा. मी सहा चुकवल्या म्हणून सहा जास्त उरायला हव्यात. एकही जास्त नाही. बरोबर तेवढ्याच, जेवढ्या मी एकही चुकवली नसती तर उरल्या असत्या.

सहा सुया गेल्या कुठे? बूला स्वतःला साखर आहे आणि ती लपवते? की कुणाला देते? आणि सुया जाऊ शकतात तर बाटलीतलं औषध जाऊन त्यात पाणी येऊ शकत नाही?

आज दवाखान्यात गेलो. सहज विचारावं तसं विचारलं, "मांजराची साखर आपोआप बरी होते का हो?"

"होते कधी कधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सुया चुकवतोयस?"

"छे."

"बरं. मला न विचारता बंद केलीस तर क्रोमोची सुई तुला टोचीन. बसायच्या जागी."

मी त्यांच्याकडून नवी बाटली आणि सुयांचं नवं पाकीट मागितलं, बदल्यात दवाखान्याचं फाटक रंगवून देतो म्हटलं. त्यांनी विचारलं, जुनी संपली? मी म्हटलं, फुटली. आता छडा लावायचा तर माझी बाटली, माझ्या सुया, माझी वही. आईचा मातीचा माठ काढलाय, त्याला ओलं फडकं, आत कोरड्या डब्यात बाटली. इथली हवा गार आहे. बूकडे आता जायचं नाही. तिला काही सांगायचंही नाही. उद्यापासून एक मिनिट इकडे तिकडे नाही.

तेजो


४ जुलै

म्बाक,

दोनच ओळी. तीन दिवस घड्याळासारखी सुई. आज सकाळी साखर ९७. कधीच नव्हती एवढी खाली. शिस्त म्हणतात ती हीच. आकडा बघून मी त्याला नेहमीची दोन युनिटं दिली आणि तो नेहमीसारखा कुंपणाखालून पळाला.

बू काल कुंपणाशी आली. "हल्ली दिसत नाहीस, ले." मी म्हटलं, काम असतं. ती जरा थांबली, माझ्या मागे आपल्या दाराकडे बघितलं, तुझा कागद आहे तिकडे. मग म्हणाली, "ठीक आहे, ले. काळजी करू नकोस." मी कशाची काळजी करतोय? बघ, किती साळसूद.

पत्र टपालात टाकून येतो.


४ जुलै, दुपार

टाकलं नाही.

तू बसून वाच.

फाटकाचा रंग आणायला निघालो होतो, दहाचा सुमार. कुंपणापलीकडे बूच्या ओट्यावर वड्या वाळत घातल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी क्रोमो पडला होता. मला वाटलं ऊन खातोय. हाक मारली. त्यानं मान उचलली, ती धरता आली नाही, खाली आपटली. उठला, मागचे पाय ओल्या फडक्यासारखे. डोळे सगळे काळे, बुबुळच राहिलं नव्हतं, आणि हनुवटी लाळेनं भिजलेली. मी कुंपण ओलांडलं की मोडलं, आठवत नाही. आता बघतो तर तिथे भोक आहे.

तिथेच कान टोचला. गरम करायलाही थांबलो नाही, तरी थेंब आला. ३४.

बू आतून आली. हातात पाकाची पळी.

"किती दिलीस?"

"दोन."

"केव्हा?"

"सहाला."

तिच्या तोंडाचा रंग गेला. म्हणाली, "मी साडेसहाला दिली. मासा घालून."

एवढंच बोललो आम्ही. महिनाभर कुंपणाच्या अल्याडपल्याड इतकं बोललो होतो आणि त्यात हे एवढंच नव्हतं.

मग तिनं पळीतला पाक बोटावर घेतला, फुंकर मारली, आणि क्रोमोचा ओठ उचलून हिरडीला चोळला. घशात नाही घालायचं, ठसकेल, हिरडीला. पुन्हा. पुन्हा. तिचा हात एकदाही हलला नाही. मी यंत्र धरून बसलो होतो. ज्या पाकावर मी महिनाभर नजर ठेवून होतो, तो पाक, म्बाक. दहा मिनिटांनी ४७. क्रोमोनं जीभ बाहेर काढून एकदा चाटलं.

तांदळाच्या टोपलीत घालून मोटारसायकलवरून नेला. बू मागे टोपली धरून, वाटभर पाक चोळत. पायात चपला नाहीत, हातात अजून पळी.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, आमचं दोघांचं ऐकून घेतलं, मग चष्मा काढून पुसत बसल्या. "एका मांजराला दोन नर्स," म्हणाल्या. "आणि दोघांत मिळून एक तोंड नाही." मग माझ्याकडे वळून, "९७ आकडा बघितलास तेव्हा मला फोन का नाही केलास? एवढा कमी असताना पूर्ण सुई देतात का?" मला वाटलं ती माझी शिस्त.

क्रोमो अजून तिथेच आहे. उद्यापर्यंत सांगता येणार नाही म्हणाल्या. मी फाटक रंगवतोय. दर थोड्या वेळानं खिडकीतून बघतो, पोट खालीवर होतंय का.


२६ जुलै

म्बाक वेनिंग,

क्रोमो जिवंत आहे. आज सकाळी सुईआधी २१२, डॉक्टरीणबाईंनी मात्रा थोडी कमी केलीय. खातोय, चावतोय, परवा शेजारच्या कोंबडीच्या मागे लागला आणि हरला. टपालात न टाकलेली मागची पत्रं तुला एकत्रच मिळतील, मी ती सगळी एका पाकिटात घालतोय, चार जुलैचं पहिलंसुद्धा. फाडणार होतो, पण ते राहू दे.

आता बूचं. तिच्यावर रागावू नकोस.

दवाखान्यातून परत आल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. तिनं काळी कॉफी केली, माझ्यात साखर घातली, स्वतःच्यात नाही. मग मीच विचारलं, म्हणजे तोंडावर विचारलं, जसं आपल्याकडे कुणी विचारत नाही. केव्हापासून देताय?

"तू पहिल्यांदा नाही आलास तेव्हापासून. पतंग होते त्या दिवशी. सातपर्यंत वाट पाहिली."

"तुम्ही तर म्हणाला होता, हातात सुई नाही."

"म्हणाले होते."

"मला सांगायचं ना, तेजो, सुई चुकली."

तिनं कप खाली ठेवला. "तोंडावर सांगितलं असतं तर तुला लाज वाटली असती. आणि तुला लाज वाटली की तू काय करतोस ते मला ठाऊक आहे, ले. बारा वर्षांचा होतास तेव्हापासून बघतेय. पिशवी उचलतोस."

पिशवी भरलेलीच होती. चार जुलैला नाही, त्याच्या आधी. गोंदेसचा फोन आला होता, त्याचा ट्रक फ्लोरेसला चाललाय, सोबत हवी आहे. मी त्याला म्हटलं होतं, मांजराचा खोटेपणा उघडा पाडतो आणि निघतो.

दोन जुलैपासून मी बाटली न्यायला गेलोच नाही. तिला वाटलं, मी सगळंच सोडून दिलं. मग रोज दोन्ही वेळा तीच. मी सहाला, ती साडेसहाला. मी काही विचारलं नाही कारण माझा तिच्यावर विश्वास नव्हता. तिनं काही विचारलं नाही कारण तिला मी इथे राहायला हवा होतो. आणि मधे क्रोमो, दोन्ही घरची सुई इमानदारीनं घेत.

मग मी तुझ्या निरोपाबद्दल विचारलं. जीव भांड्यात पडला, ते. ती म्हणाली, "वेनिंगनं विचारलं, सुई चालू आहे का? मी म्हटलं, वेळच्या वेळी चालू आहे. खोटं कुठे होतं? चालूच होती." म्हणजे तू टोमणा मारलाच नव्हतास. तुला खरंच बरं वाटलं होतं, आणि त्या बरं वाटण्यात माझं नाव होतं, जे खोटं होतं. तुझी हेर तुलाच फसवत होती, माझ्यासाठी.

आता कुंपणाच्या भोकाशी, मी नवा बांबू बसवलाय तिथे, दोन खिळे मारलेत. एक आमच्या बाजूला, एक तिच्या. त्यावर कपड्यांचा लाल चिमटा. सकाळी सुई दिली की चिमटा तिच्या खिळ्यावर, संध्याकाळी दिली की परत माझ्या. शंका आली की चिमटा बघायचा, तरीही शंका असेल तर द्यायची नाही, आणि हाक मारून विचारायचं. हे शेवटचं बूला जड जातं. काल मला म्हणाली, "ले, आज वारा..." आणि थांबली. मग डोळे मिटून, जणू गार पाणी अंगावर घेतेय, म्हणाली, "सुई दिलीस का?" मी म्हटलं, दिली. तिला घाम आला होता.

गोंदेसचा ट्रक गेल्या रविवारी संध्याकाळी सहाला सुटला. त्या वेळी मी क्रोमोचं कातडं चिमटीत धरून बसलो होतो.

आता एक राहिलं. ते मी जूनपासूनचं नाही, दोन वर्षांपासूनचं घेऊन फिरतोय.

आईच्या वेळी रेंज होती. मी मकासरच्या धक्क्यावर सिमेंटच्या पोत्यांवर बसलो होतो, दुपार होती, तुझा निरोप आला, 'आई जास्त आहे, लगेच नीघ.' मी वाचला. शेजारी बसलेल्याला वाचून दाखवला आणि म्हटलं, या वेळी मुलगी कुठली आहे बघू. आम्ही दोघं हसलो. संध्याकाळी सुराबायाला जाणारी बोट होती, जागा होती. मी गेलो नाही. मला शंका होती.

ते हसू तुला सांगायचं राहिलं होतं. रेंज वगैरे सगळं त्याच्यावर घातलेलं पांघरूण.

मी कायमचा इथे थांबेन असं लिहीत नाही, ते तुला खरं वाटणार नाही, मलाही. पण तुझा करार मार्चपर्यंत आहे. मार्चपर्यंत सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. तुला कधी वाटलं की मी देत नाहीये, तर बूला विचारू नकोस, ती तुला चांगलंच सांगेल. मला विचार. नंबर उघड आणि तोंडावर विचार. लाज वाटेल, पण पिशवी उचलणार नाही, ती रिकामी करून खिळ्याला लावलीय आणि त्यात आता क्रोमो झोपतो.

दारावरचा तुझा कागद भिजून फाटायला आला होता, मी तो नव्यानं उतरवून काढला. अक्षर सुंदर आहे. मजकूर तुझाच, एक शब्द बदलला नाही, फक्त पहिल्या ओळीच्या वर नाव घातलं.

पावणेसहा झाले. चिमटा बूच्या बाजूला आहे. जातो.

जो सुई देतो तो,
तेजो